दीड दिवसावर आणलेला गणपती

म्हाताऱ्या माणसांच्या घरात जरा बारकाईने पाहिलं तर वस्तूंनी आपल्या जुन्या जागा सोडलेल्या दिसतात. आईच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा वरच्या फळीवर असायचा, तो ओट्यावर आला. रोजची भांडी कपाटातून निघून ओट्यामागच्या जाळीत आली. पाच लिटरचा कुकर तेवढा माळ्यावर गेला, म्हणजे कायमचाच गेला, आणि त्याच्या जागी दोन लिटरचा आला. तेलाच्या मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत तेल काढून द्यायचं काम माझ्याकडे लागलं. नारळ खवायची विळी हद्दपार झाली, कारण खाली बसता येतं, पण उठायला दुसरं माणूस लागतं. आता ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची खवणी आहे. बाबांच्या पायजम्यांच्या नाड्या जाऊन इलॅस्टिक आलं. बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

यातलं काहीच जाहीर करून झालेलं नाही. मी डोंबिवलीत त्यांच्यापासून दहा मिनिटांवर राहते, एक दिवसाआड जाते, तरी बहुतेक बदल मला झाल्यावर कळले. आई 79 ची, बाबा 84 चे. दोघांची डोकी शाबूत आहेत, आणि बाकीच्या अवयवांशी त्यांचा जो व्यवहार चालतो तो मी काही वर्षं जवळून पाहते आहे.

म्हातारपणाबद्दल लिहायला बसलं की आपल्याकडे फार लवकर विरक्ती येते, स्वीकार येतो, मुलांच्या संसारातून मन काढून घ्या हा सल्ला येतो. व्याख्यानमालांमध्येही हेच. ऐकायला बरं असतं. पण आमच्या घरी मला विरक्ती काही दिसलेली नाही. दिसतं ते कसब. काय सोडायचं, काय धरून ठेवायचं आणि धरलेलं निभावण्यासाठी कुठे टेकू द्यायचा, याचा हिशेब रोज नव्याने करणं. आणि हा हिशेब बाहेरच्याला कळू नये याची खटपट वेगळीच.

आमच्या गणपतीचं घ्या. पूर्वी पाच दिवसांचा असायचा, गौरींबरोबर जायचा. घरी एकवीस मोदकांचा नैवेद्य, पुरणावरणाची गौर, सवाष्ण जेवायला, शेवटच्या रात्री जागरण. आई सत्तरीला आली तेव्हा गौरी धाकट्या काकूकडे गेल्या. मग मोदकांची उकड घरी आणि सारण बाहेरचं असं एक वर्ष झालं. ते आईला आवडलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी उलट झालं: सारण घरचं, आणि उकडीच्या पाऱ्या करायला मी. नंतर गणपती दीड दिवसांवर आला. नातेवाइकांत कुजबुज झाली. एका मामांनी फोन करून विचारलंदेखील, की परंपरा अशी मोडता येते का. आई म्हणाली, "गुरुजींना विचारलंय." विचारलं नव्हतं. मात्र त्या दीड दिवसात ती पहाटे उठून स्वतःच्या हाताने दूर्वांच्या जुड्या बांधते, आरतीच्या ताटात काडीचीही कसूर ठेवत नाही, आणि आल्यागेल्याशी बसून बोलते. पाच दिवसांच्या गणपतीत ती मला स्वयंपाकघराबाहेर बसलेली आठवतच नाही.

पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने 1990 च्या सुमारास याच प्रकाराची एक नीट मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या तऱ्हेने म्हातारी होणारी माणसं तीन गोष्टी करतात: कामं निवडून कमी करतात, निवडलेल्यावर जास्त मेहनत घेतात, आणि गेलेल्या ताकदीची भरपाई दुसऱ्या कुठल्यातरी युक्तीने करतात. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे आर्थर रुबिनस्टाईन हा पियानोवादक. ऐंशीच्या घरातही तो मैफली गाजवायचा. हे जमतं कसं, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की मी आता थोड्याच रचना वाजवतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि जलद भाग येण्याआधीचा तुकडा मुद्दाम हळू वाजवतो, म्हणजे पुढचा भाग आहे त्यापेक्षा जलद वाटतो.

हा शेवटचा भाग मला फार आवडतो, कारण त्यात लबाडी आहे. आपल्याकडे गाणारेही वय झालं की पट्टी खाली आणतात, तानांपेक्षा आलापीत जास्त रमतात, आणि ऐकणारे म्हणतात, काय गाणं मुरलंय! मुरलेलं असतंच. पण त्यात थोडा दमही वाचवलेला असतो, आणि ते गाणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

बाबांची अशी जागा म्हणजे त्यांचे कान. वयाबरोबर ऐकू कमी येतं ते सगळं सारखं कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं त्या पट्टीत असतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आपण मग ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि वर समोरच्याला वाटतं की आपल्यावर कुणीतरी खेकसतंय. बाबांनी कानाचं मशीन घेतलं, भरपूर पैसे देऊन, आणि ते टीव्हीच्या खणात आहे. ते मशीन माणसांच्या बोलण्यासोबत पंखा, मिक्सर, खालच्या रिक्षा, सगळंच मोठं करून देतं. कानांना सवय व्हायला काही आठवडे रोज लावावं लागतं, हे त्यांना नीट सांगितलंही गेलं नव्हतं.

तर मशीनशिवायची त्यांची व्यवस्था अशी. लग्नाकार्यात ते भिंतीला पाठ लावून बसतात, म्हणजे मागून आवाज येत नाही. शेजारी आईला बसवतात, डाव्या बाजूला, कारण उजवा कान बरा आहे आणि तो पाहुण्यांसाठी मोकळा हवा. आणि सगळ्यांत मोठी युक्ती म्हणजे स्वतःच बोलत राहतात. ओव्हरसियर म्हणून कोकणात कुठे कुठे पूल बांधले ते सांगतात. लोकांना वाटतं, म्हातारा बडबड्या झालाय. आयुष्यभर घुमा असलेला माणूस ऐंशीव्या वर्षी बडबड्या कशाला होईल? जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही, एवढंच.

हे लक्षात आल्यापासून मला म्हाताऱ्यांचे 'हट्ट' जरा वेगळे दिसायला लागले. आई रात्री बाहेर जेवायला येत नाही. आम्ही म्हणायचो, आता तिला कशाची हौसच उरली नाही. खरं कारण हॉटेलातला मंद प्रकाश. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायाची जाणीव या तिघांची मदत लागते, आणि वय वाढलं की तिघंही हात आखडता घेतात. अंधारात डोळे गेले की उरलेल्या दोघांवर भार. त्यात हॉटेलवाले मध्येच एक पायरी देतात, त्याच रंगाच्या फरशीची. दुपारी त्याच हॉटेलात चल म्हटलं तर ती आधी तयार होऊन बसते.

आई-बाबांच्या इमारतीत हे सगळं जिन्यावर दिसतं. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. ऐंशीच्या दशकातलं निम्मं डोंबिवली असंच आहे. तेव्हा तिशीतल्या जोडप्यांनी घरं घेतली, आणि जिना कुणाच्या ध्यानातही नव्हता. आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी स्टूल आहे, कठड्याला साखळीने बांधलेलं. ते तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी ठेवलं. सेक्रेटरींनी जिन्यात अडथळा नको म्हणून रीतसर चिठ्ठी पाठवली, नानांनी तितक्याच रीतसर ती चिठ्ठी स्टुलाखाली चिकटवली. पुढे सेक्रेटरींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता संध्याकाळी स्टुलावर तेच बसलेले असतात.

नाना गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडून भाजी घेतात. पूर्वी पिशवीत पैसे यायचे. आता भाजीवाल्याच्या क्यूआर कोडचा फोटो त्यांनी मोबाईलमध्ये ठेवलाय. वरून स्कॅन करतात, खाली भाजीवाल्याचा स्पीकर पैसे आल्याचं बोलतो, मग पिशवी वर जाते. म्हाताऱ्यांना तंत्रज्ञान जमत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी साडेनवाला आमच्या गेटपाशी उभं राहावं.

अर्थात सगळ्याच युक्त्या कौतुकाच्या नसतात. काही सरळ घातक असतात. प्रवासाला निघायचं तर आई आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते, कारण वाटेत बाईमाणसाला जाण्यासारखी जागा मिळेल याचा भरवसा नाही. म्हातारपणी तहानच आधी कमी लागते, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, त्यात हे मुद्दाम कमी केलेलं पाणी. उभं राहिल्यावर चक्कर येणार नाही तर काय होणार? यावर मी तिच्याशी खूप भांडले. पण या बाबतीत तिचं फारसं चुकत नाही. चूक आहे ती हायवेवरच्या त्या कुलूप लावलेल्या दारांची.

दुसरी घातक युक्ती म्हणजे पडल्याचं लपवणं. आईच्या दंडावर जांभळा डाग दिसला की ती म्हणते, कपाटाचं दार लागलं. आमच्या घरातली कपाटं भलतीच मारकुटी आहेत. ती खरं सांगत नाही, कारण सांगितलं की नियम येतो: एकटीने बाजारात जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, दिव्याला तेल घालायला स्टुलावर चढायचं नाही. शेवटचा नियम बरोबर आहे, पहिले दोन नाहीत. पडायच्या भीतीने चालणं कमी केलं की मांड्यांचे स्नायू झपाट्याने जातात, आणि स्नायू गेले की पडणं ठरलेलंच. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात आहेत, त्यामुळे मुलं घाबरतात. घाबरलेली मुलं आईबापांना खुर्चीत बसवून ठेवतात आणि त्याला काळजी म्हणतात. हल्ली मी डागाबद्दल विचारत नाही. "कपाट कुठल्या खोलीतलं?" एवढंच विचारते. ती खोली सांगते, आणि त्या खोलीत पायपुसणं, वायर, ओली फरशी काय आहे ते मी बघून घेते.

व्हॉट्सॲपवर अधूनमधून कुणी ऐंशी वर्षांचे आजोबा किल्ला चढतानाचा व्हिडिओ येतो. धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरणही हमखास येतं: 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते, म्हणजे आज राज्य सरकारचा कर्मचारी ज्या वयाला निवृत्त होतो त्या वयाचे, सत्तरी ओलांडल्यावर जगप्रवास केला, 104 वर्षं जगले. मोठीच माणसं. पण असली उदाहरणं डोळ्यांसमोर नाचवली की जिना चढून आल्यावर पाच मिनिटं दारात टेकणाऱ्या माणसाला आपण काहीतरी कमी पडलो असं वाटतं. आईने तो किल्ल्याचा व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि विचारलं, "याच्या बायकोपाशी कोणाला बसवून गेलाय हा?"

तो प्रश्न उगाच आलेला नव्हता. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना विसरण्याचा आजार आहे, आणि 82 वर्षांचे काका त्यांचं सगळं करतात. या गृहस्थांनी नोकरीत असेपर्यंत चहाही कधी केला नव्हता. आता ते कुकर लावतात, काकूंची वेणी घालतात, औषधांच्या वेळा सांभाळतात. ब्यूरोची बाई दिवसा येते, रात्र त्यांची. मुलगा कॅनडात आहे, चांगला आहे, रोज व्हिडिओ कॉल करतो, पैसे पाठवतो. कॉल आला की काका आधी काकूंना नीट बसवतात, केस सारखे करतात, आणि मग प्रश्न काकूंना विचारला तरी उत्तर स्वतः देतात, इतक्या सहज की स्क्रीनपलीकडे कळू नये.

काकूंच्या मनात अजून 1985 च्या आसपासचं काहीतरी चालू असतं. सकाळ झाली की त्या अस्वस्थ होतात: डबा भरायचा राहिला, ह्यांची सात अठराची गाडी जाणार. आधी काका समजावून सांगायचे, अगं मी रिटायर होऊन बावीस वर्षं झाली. त्यावर त्या रडायच्या. बावीस वर्षं कुठे गेली म्हणून कोण रडणार नाही? मग काकांनी सांगायला सुरुवात केली, "आज सुट्टी आहे." काम झालं. रोज सुट्टी. एकदा मी तिथे असताना काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "किती रजा घेता हो? पगार कापतील." काका म्हणाले, "साठवलेल्या आहेत." आणि आत जाऊन दूध तापवायला लागले.

डॉक्टर मंडळी सांगतात की सांभाळणाऱ्याने स्वतःची तब्येत जपावी, मन मोकळं करावं, अधूनमधून सुट्टी घ्यावी. बरोबरच आहे. काका संध्याकाळी अर्धा तास बाईवर सोपवून कट्ट्यावर येतात. तिथे काकूंबद्दल अवाक्षर काढत नाहीत. क्रिकेटवर आणि महापालिकेच्या पाण्यावर तावातावाने बोलतात आणि घड्याळ बघून उठतात. त्यांना मन मोकळं करायला लावू नये, असं माझं मत झालंय. अर्धा तास काकूंचा विषय नसणं, हीच त्यांची सुट्टी आहे.

कट्टाही कमी होत जातो. आईची भिशी चाळीस वर्षांची आहे. सुरुवातीला बारा जणी होत्या, आता सात आहेत. एखादी गेली की तिचा नंबर सुनेला द्यायचा का, यावर त्यांच्यात बराच खल झाला. शेवटी ठरलं की सुना नकोत, कारण मग सुनांबद्दल कुठे बोलायचं? भिशीची रक्कम तीच ठेवली, सोडत मात्र आता वर्षाच्या आत संपते. खाणं घरी करायचं नाही, बाहेरून आणायचं, हा नियमही झाला. तळलेलं चालेल, हाही झाला. त्यावर एकीच्याही डॉक्टरांची सही नाही.

सरकारदरबारचं फार लिहीत नाही, त्यावर ज्येष्ठ नागरिक संघांची निवेदनं भरपूर असतात. रेल्वेने ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली ती केलीच. एसटीने ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट केला, आणि बाबा त्याचा पुरेपूर वसूल करतात: मुरबाडला जाऊन चहा पिऊन परत येतात. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. बाबांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन अंगठा ओळखत नाही. एका वर्षी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मॅच होत नाहीये." बाबांना ऐकू आलं नाही, त्यामुळे त्यांनी तिला पुलाची गोष्ट सुरू केली. आता चेहऱ्यावरून घरबसल्या दाखला होतो, मोबाईलवर. सोय झाली. बँकेच्या रांगेत जुन्या सहकाऱ्यांशी होणाऱ्या वार्षिक भेटी मात्र संपल्या. कोण आलंय आणि कोण नाही, हे रांगेतच कळायचं.

सध्या इमारतीत रीडेव्हलपमेंटचा विषय आहे. 2019 च्या शासन निर्णयानंतर 51 टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे चार म्हातारे नाही म्हणाले तरी काही अडत नाही. तरी बिल्डरच्या लोकांनी गच्चीवर सभा घेतली, पडद्यावर चित्रं दाखवली: दोन लिफ्ट, बाग, ज्येष्ठांसाठी कट्टा. तरुण सभासद खूश. काम तीन वर्षांचं. चाळिशीतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे भाड्याच्या घराची थोडी गैरसोय. 84 वर्षांच्या माणसाने त्यावर काय म्हणावं? नाना म्हणाले, "लिफ्ट छान आहे. बघायला आवडली असती." कुणी हसलं, कुणी खाली पाहिलं.

आईने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे प्रश्न लिहून आणले होते. भाड्याचं घर कितव्या मजल्यावर मिळणार? घरमालक अकरा महिन्यांचा करार करतात, मग तीन वर्षांत किती वेळा सामान हलवायचं? म्हाताऱ्यांना घर द्यायला लोक नाही म्हणतात, तेव्हा शोधायला माणूस तुमचा की आमचा? भाड्याच्या बाथरूमच्या भिंतीत धरायची दांडी ठोकू देतील का? नव्या घरात बाथरूमला उंबरठा ठेवणार आहात का? आणि बाथरूमचं दार आत उघडणार की बाहेर? बिल्डरच्या माणसाला या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. आईने समजावून सांगितलं, की आत पडलेलं माणूस दाराला अडतं, मग आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. तो "नोट करतो" म्हणाला, पण लिहिलं नाही. आईने पुढचा प्रश्न वाचला: मधल्या काळात सभासद गेला, तर भाडं कुणाच्या खात्यात जमा होणार?

"काकू, असं काय बोलता," तो म्हणाला, "तुम्ही शंभर वर्षं जगणार आहात."

"मग दाराचं आधी लिहून घ्या," आई म्हणाली. "बाहेर उघडणारं. सगळ्या फ्लॅटांना."